विनाशुल्क वकिली नेमकी कोणती?

यवतमाळच्या शाखेत असताना एका दिवंगत शेतकऱ्याच्या पत्नीचा अर्ज माझ्याकडे आला होता. पतीच्या नावे मुदतठेव होती, नामनिर्देशन नव्हते आणि वारसांत एकमतही नव्हते. नियमानुसार मी न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र मागितले. काही महिन्यांनी ते घेऊन त्या आल्या. ‘वकीलसाहेबांनी एक पैसाही न घेता काम केले,’ असे त्यांनी कृतज्ञतेने सांगितले. रक्कम हाती पडली त्या दिवशी मात्र वकीलसाहेब त्यांच्यासोबत होते. ठरलेला पाचवा हिस्सा त्यांनी काउंटरपाशीच मोजून घेतला.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे वकिलास वर्ज्य आहे. त्याच नियमावलीतील ४६ वा नियम सांगतो की, आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत निर्धन व पीडितांना विनामूल्य साहाय्य देणे हे वकिलाचे समाजाप्रती एक श्रेष्ठ कर्तव्य होय.

मग विनाशुल्क वकिली कोणती? आम्हा बँकवाल्यांना बुडीत येणे आणि देणगी यांतला फरक शिकवावा लागत नाही. पक्षकाराने फी बुडवली, म्हणून ते काम मागाहून सेवेच्या खात्यावर टाकता येत नाही. फी घ्यायची नाही हे वकीलपत्रावर सही होतानाच ठरलेले असावे. अमेरिकन बार असोसिएशन वकिलांकडून वर्षाला किमान पन्नास तासांच्या अशा कामाची अपेक्षा करते आणि तेथेही हीच कसोटी मानतात. भाच्याची केस फुकट लढणे हा जिव्हाळा झाला. आपल्या समाजातील वकील मंडळी सधन संस्थांची कामे मोबदला न घेता पाहतात, तेही स्तुत्यच. परंतु ज्याला वकील परवडतच नाही, त्याच्या वाट्याला त्यातून काही येत नाही.

सरकारी विधी साहाय्य याहून निराळे. तेथे पक्षकाराला खर्च नसतो, वकिलाला मानधन प्राधिकरण देते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतील व्यक्ती इत्यादींना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. न्यायालयीन शुल्क व कागदपत्रांचा खर्चही त्यात येतो. खाजगी वकिलाने स्वतःची फी सोडली तरी हा खर्च पक्षकाराच्या माथी राहतोच, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. चौकशीसाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

त्या बाईंना उत्पन्नाचा दाखलासुद्धा लागला नसता. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्याच आवारात असते. प्रमाणपत्र आणा, एवढे मी त्यांना सांगितले होते. त्या कार्यालयाचे नाव सांगितले नाही, कारण ते मलाच ठाऊक नव्हते.