इतिहास कोणासाठी?

इतिहासाचे किंवा चालू राजकारणाचे नवे मराठी पुस्तक निघाले, की ते मराठी वाचकासाठीच लिहिलेले असणार, असे आपण गृहीत धरतो. परंतु मराठी गद्यातील इतिहासाची अगदी आरंभीची छापील पुस्तके महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, हुगळी नदीच्या काठी तयार झाली आणि ती मराठी वाचकांसाठी नव्हतीच. ती कोणासाठी होती, हे पाहण्याजोगे आहे.

कलकत्त्याचा फोर्ट विल्यम हा किल्ला इंग्रजी सत्तेचे बंगालमधील ठाणे. त्याचेच नाव देऊन गव्हर्नर जनरल वेलस्ली याने १८०० साली कलकत्त्यात एक विद्यालय स्थापन केले. विलायतेहून नव्याने येणाऱ्या कंपनीच्या तरुण मुलकी अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविणे, हा त्याचा हेतू होता. बंगाली आणि संस्कृत यांबरोबर मराठीचे अध्यापनही तेथे विल्यम कॅरी या मिशनऱ्याकडे आले. त्याचे मुख्य मराठी पंडित होते नागपूरकडील वैजनाथ शर्मा कानफाडे. त्यांच्या साहाय्याने कॅरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली कोश प्रसिद्ध केला. छपाई झाली ती जवळच्या श्रीरामपुरात; ते गाव डेन्मार्कची वसाहत होते. कोशासाठी तर मोडी लिपीचे खिळे वापरण्यात आले. याचे कारण उघड आहे. मराठी दरबारांतील पत्रे आणि हिशेब मोडीत असत, आणि साहेबाला तेच वाचावयाचे होते.

केवळ व्याकरण आणि कोश यांनी भाषा येत नाही. वाचावयास सोपे गद्य लागते. मराठीत काव्य उदंड होते, बखरीही होत्या. पण त्या हस्तलिखित, दप्तरांत बांधलेल्या. म्हणून १८१४ साली ‘सिंहासन बत्तिशी’ आणि १८१५ साली ‘हितोपदेश’ छापून निघाले. त्याच सुमारास आणखी दोन पुस्तके निघाली, आणि ती इतिहासाची होती. पहिले ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’. मोगलांशी झुंजलेल्या जसोरच्या या राजाचे चरित्र रामराम बसू यांनी याच विद्यालयासाठी बंगालीत लिहिले होते. ते १८०१ साली प्रसिद्ध झाले. त्याचे हे मराठी रूप. दुसरे पुस्तक ‘रघुजी भोसल्यांची वंशावळी’.

हे दुसरे पुस्तक कलकत्त्यात तयार व्हावे, यात कालगतीचा मोठा चमत्कार आहे. १७४२ साली पहिल्या रघुजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालवर चालून गेल्या, तेव्हा भयभीत झालेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. तो पुरा झाला नाही; पण ‘मराठा खंदक’ हे नाव मागे राहिले, आणि त्या लुटीची आठवण बंगालच्या अंगाईगीतांतही उतरली. ज्यांच्या भयाने खंदक खणला, त्यांचीच वंशावळी सुमारे सत्तर वर्षांनी त्याच शहरातील विद्यालयाचे पाठ्यपुस्तक झाली.

तथापि कंपनीच्या दृष्टीने हा जुना इतिहास नव्हता. हे चालू राजकारण होते. १८०३ सालच्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघुजींना कटक आणि वऱ्हाड गमवावे लागले होते. १८१६ च्या मार्चमध्ये ते वारले. मे महिन्यात नागपूरने तैनाती फौजेचा तह पत्करला. आणि १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई होऊन नागपूरचे स्वातंत्र्य संपल्यासारखे झाले. एका पाठ्यपुस्तकाने लढाई जिंकली, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु ज्या राज्याशी व्यवहार करावयाचा त्याची भाषा, लिपी आणि घराण्याची हकीकत आपल्या अधिकाऱ्यांना शिकविण्याची दूरदृष्टी एका पक्षाने दाखविली, हे नाकारता येत नाही.

म्हणून हे कार्य त्याज्य ठरत नाही. व्याकरण, कोश आणि मोडीचे खिळे यांची भर मराठीत पडली, ती वैजनाथांच्या विद्वत्तेमुळे. उणीव होती ती एकच: जिच्या इतिहासाची ही पुस्तके, ती प्रजा त्यांची वाचक नव्हती. ती उणीव हळूहळू भरून निघाली. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली इंग्रजीत आला, त्याचा मराठी अनुवादही झाला. आणि १८६७-६८ च्या सुमारास नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्यावर परखड टीका लिहिली. १८९८ साली राजवाड्यांनी इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला आणि मूळ कागदच वाचकांपुढे ठेवले. वाचला जाणारा समाज स्वतः वाचू लागला, आणि पुढे तपासूही लागला.

फोर्ट विल्यमचे ते विद्यालय १८५४ साली बंद झाले. किल्ल्याचे नावही २०२४ च्या अखेरीस बदलून ‘विजय दुर्ग’ करण्यात आले. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील मराठी आरमाराच्या जुन्या किल्ल्यावरून ते घेतलेले आहे. आज इतिहासावर आणि ताज्या घटनांवर नवी पुस्तके सतत निघत असतात. त्यांतले कोणतेही हाती घेताना हे कोणी लिहविले, कोणासाठी लिहिले आणि कोणत्या कागदांवरून लिहिले, हे तीन प्रश्न विचारावेत. वैजनाथांच्या वंशावळीला ते लागू होतात, तसेच काल निघालेल्या पुस्तकालाही.