धर्मग्रामजीवन आणि लोभनिवारण : चांदा धर्मप्रांताच्या अनुषंगाने

मार्कंड्यास वैनगंगा उत्तरवाहिनी होते आणि महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते. या क्षेत्राभोवतालचा चंद्रपूर-गडचिरोलीचा वनप्रदेश कॅथलिक धर्मव्यवस्थेत चांदा धर्मप्रांतात मोडतो, हे सहसा ध्यानात येत नाही. हे धर्मक्षेत्र १९६२ साली निर्माण झाले. सिरो-मलबार या पौर्वात्य परंपरेस केरळाबाहेर लाभलेले ते पहिलेच क्षेत्र होय. १९७७ मध्ये त्यास पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला आणि १९९९ मध्ये आदिलाबादचा भाग त्यातून विलग झाला. वसई किंवा गोवा येथील लॅटिन-पोर्तुगीज परंपरेवरून बनलेल्या कल्पना येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. लोभाच्या प्रश्नाचा विचार करताना तर हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

लोभाविषयीचे मूळ वचन लूककृत शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात आहे. भावाने वडिलोपार्जित वाटा द्यावा, अशी तक्रार घेऊन एक मनुष्य येशूकडे येतो. येशू निवाडा करण्याचे नाकारतो, सर्व प्रकारच्या लोभापासून सावध राहण्यास सांगतो आणि लगेच एका धनिक शेतकऱ्याचा दृष्टांत देतो. या शेतकऱ्याने चोरी केलेली नाही, कोणाची जमीनही बळकावलेली नाही; पीक उदंड आले एवढेच. जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत तो करतो व त्याच रात्री मरण पावतो. त्याचे सारे बोलणे स्वतःशीच चाललेले असते. शेजारी, मजूर, याचक यांपैकी कोणाचाही त्यात उल्लेख येत नाही. त्याचा दोष येथे आहे. कॅथलिक गणनेनुसार दहावी आज्ञाही परधनाच्या केवळ अभिलाषेचा निषेध करते. चोरीचा निषेध सातव्या आज्ञेत अगोदरच येऊन गेलेला असतो. भारतीय षड्रिपूंत लोभ आहे, तसा ख्रिस्ती सात मूलपापांतही तो आहे; तथापि खादाडपणा व आळस ही पापे त्या यादीत आहेत, तर मोहास तीत स्वतंत्र स्थान नाही. या तुलनेतून फार मोठे निष्कर्ष काढण्याचा मोह मात्र आवरलेला बरा.

पाप अंतःकरणातील असेल, तर धर्मग्रामासारखी बाह्य संस्था त्यास आवर कसा घालणार? सिरो-मलबार परंपरेतील ‘पिडियरी’ची चाल या दृष्टीने उद्बोधक आहे. ‘पिडि’ म्हणजे मूठ, ‘अरी’ म्हणजे तांदूळ. स्वयंपाकासाठी तांदूळ घेताना गृहिणीने त्यांतून एक मूठ बाजूस काढावयाची व साठलेले धान्य चर्चकडे द्यावयाचे. कुरियाकोस एलियास चावरा (१८०५–१८७१) यांनी गरीब मुलांच्या दुपारच्या जेवणासाठी या चालीचा उपयोग करून घेतला. चांद्याचे पहिले बिशप जानुआरियुस पालतुरुती हे चावरा ज्याच्या संस्थापकांपैकी होते त्याच संघाचे होते. मराठी वाचकास ‘मुष्टिफंड’ हा शब्द परिचित आहेच. उरल्यातून दिलेल्या दानाहून ही चाल वेगळी आहे. येथे घरचे जेवण शिजण्यापूर्वीच परक्याचा वाटा निघतो. दृष्टांतातील शेतकऱ्याच्या स्वगतात जो नव्हता, तो येथे रोज दोन वेळा उपस्थित असतो.

दुसरा उपाय ‘पळ्ळियोगम्’ अर्थात धर्मग्रामातील कुटुंबप्रमुखांच्या सभेचा. विश्वस्तांनी जमाखर्च सभेपुढे मांडावा, ही रूढी व्यक्तीच्या लोभापेक्षा संस्थेच्याच लोभास आळा घालते. लोभाविरुद्ध उपदेश करणारी संस्था स्वतः संपत्ती बाळगते; त्या अर्थी हा पहारा तिच्या दारातही हवाच. तिसरा उपाय पापनिवेदनाचा: अन्यायाने घेतलेले धन यथाशक्ति परत केल्यावाचून तेथे केवळ पश्चात्ताप पुरेसा मानला जात नाही.

दानाची सक्ती मात्र मूळ ग्रंथास मान्य नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथातील हनन्या जमीन विकून आलेल्या पैशाचा काही भाग लपवून ठेवतो. जमीन व तिचे मोल त्याच्याच हाती होते, असे पेत्र त्यास स्पष्ट सांगतो. ठपका येतो तो असत्याबद्दल.

झाडीपट्टीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. बाहेरून आलेल्या धर्मसंघाने शाळा व दवाखाने चालवावेत आणि स्थानिकांनी ते स्वीकारावेत, या संबंधात देणारा व घेणारा यांच्या जागा कायमच्या ठरून जाण्याचा धोका असतो; मदतीच्या हेतूविषयी संशय निर्माण होतो तोही येथूनच. तांदूळ हे तर या भागाचे स्वतःचेच पीक आहे. मूठ काढण्याची चाल येथील घरांत रुजल्यास, कालपर्यंत केवळ घेणारे मानले गेलेले कुटुंब त्याच पिकातून देणारे होते.