लुटुपुटूची लढाई, खरी शिस्त

लाइव्ह अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग, म्हणजे ‘लार्प’, हा एखादे पात्र होऊन, त्याचा वेश अंगावर चढवून, मैदानात किंवा रानात प्रत्यक्ष वावरत खेळायचा खेळ आहे. त्याला लिहून दिलेले संवाद नसतात आणि समोर बसलेले प्रेक्षकही नसतात. कथेची चौकट आयोजक ठरवतात. तिच्या आत प्रत्येक जण आपल्या पात्राच्या वतीने बोलतो, तह करतो, दगा देतो आणि वेळ आली की तलवार उपसतो. ती तलवार फोमची असते, पण तिच्यामागचा हात, धावत्या माणसाचे वजन आणि पायाखालची ओली जमीन खरी असते. कराटे, केंडो, तलवारबाजी किंवा लाठी शिकलेली माणसे या खेळात उतरली की प्रश्न उभा राहतो: अंगात मुरलेले डाव आणि हातातले लुटुपुटूचे शस्त्र यांचा मेळ कुणालाही इजा न होता कसा घालायचा?

हा मेळ चार गोष्टींच्या जुळणीवर अवलंबून असतो: शस्त्र किती कठीण आहे, अंगावर संरक्षण किती आहे, फटक्यात जोर किती घालायचा आणि शरीरावर कुठे मारायची मुभा आहे. लढण्याच्या प्रत्येक सुरक्षित पद्धतीत या चारही गोष्टी एकमेकींना धरून ठरवलेल्या असतात. त्यांतली एखादीच दुसऱ्या पद्धतीतून उचलून आणली की जुळणी बिघडते आणि अपघाताला वाट मिळते.

दोन वाटा

जीव न घेता शस्त्रांचा सराव करण्याच्या दोन वाटा माणसाने शोधल्या. पहिलीत शस्त्र बऱ्यापैकी कठीण ठेवून माणसाला कवच चढवतात. जपानमध्ये अठराव्या शतकात बांबूची ‘शिनाई’, चेहरा झाकणारे शिरस्त्राण, छातीचे कवच आणि जाड हातमोजे वापरून मोकळेपणाने वार करण्याचा सराव रुजला. आजचा केंडो त्यातूनच घडला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे १९६६ मध्ये ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम’ सुरू झाली. मध्ययुगीन जीवन हौसेने जगून पाहणाऱ्या या संस्थेच्या चिलखती लढाईत सुमारे सव्वातीन सेंटिमीटर जाडीच्या वेताच्या तलवारी चालतात आणि डोक्यावर पोलादी शिरस्त्राण सक्तीचे असते. तिथले फटके खरोखर जोरदार असतात.

दुसऱ्या वाटेत माणूस साध्या कपड्यांत असतो आणि शस्त्रच मऊ केलेले असते. वॉशिंग्टनच्या परिसरात १९७७ मध्ये ‘डॅगोरहिर’ हा फोमच्या शस्त्रांचा रणखेळ सुरू झाला. कागद, फासे आणि कल्पनाशक्ती यांवर चालणारा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये बाजारात आला होता. त्यातली साहसे प्रत्यक्ष करून पाहण्याच्या ओढीतून १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या चेशर परगण्यातील पेकफर्टन किल्ल्यात ‘ट्रेझर ट्रॅप’ हा लार्प उभा राहिला. आज जर्मनीत ‘ड्राखेनफेस्ट’ आणि ‘कॉन्क्वेस्ट ऑफ मिथोडिया’ यांसारख्या उन्हाळी मेळ्यांत हजारो खेळाडू एकाच मैदानावर लढतात.

मऊ शस्त्रांच्या वाटेतही फरक आहेत. डॅगोरहिरमध्ये शस्त्रांवरचा फोम जाड असतो, फटका ठाशीव लागतो आणि झोंबाझोंबीलाही ठरावीक मर्यादेत परवानगी असते. ब्रिटिश धाटणीच्या लार्पमध्ये शस्त्र देखणे आणि बारीक असते, म्हणून वार आवरूनच करायचा असतो आणि झोंबाझोंबीला मज्जाव असतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी चोख आहेत. मात्र केंडोतली शिनाई फोमच्या मैदानात आणली तर समोरच्याच्या तोंडावर जाळी नसते. उलट, बारीक पात्याची लॅटेक्सची तलवार डॅगोरहिरच्या जोराने चालवली तर तिच्या आतली कांबी मोडते.

शस्त्राच्या पोटात

लार्पमधल्या नेहमीच्या तलवारीत मधोमध फायबरग्लासची किंवा कार्बन फायबरची कांबी असते. तिच्याभोवती पॉलिएथिलीन फोमचे थर चिकटवून पात्याचा आकार कापतात आणि वरून लॅटेक्सचे हात देऊन धातूसारखा रंग चढवतात. अमेरिकेत घरगुती शस्त्रे पीव्हीसीची नळी, पाइपांवर चढवायचा फोम आणि कापडी चिकटपट्टी यांपासूनही करतात. फोमचे काम साधे आहे. वेगाने आलेली वस्तू थांबायला जितका जास्त वेळ मिळतो, तितका तिचा मार कमी लागतो. क्षेत्ररक्षक जोरात आलेला झेल घेताना हात मागे ओढतो, तेच काम फोम दबून करतो. शिवाय फटका एका रेघेवर न बसता रुंद जागेवर पसरतो.

सर्वांत नाजूक जागा टोकाची. कांबीचे टोक बारीक आणि कडक असते. सारखे भोसकत राहिले तर फोम आतून फाटतो आणि एक दिवस कांबी बाहेर डोकावते. म्हणून कांबीच्या टोकावर चामड्याची किंवा चिवट कापडाची टोपी बसवतात आणि तिच्यापुढे काही सेंटिमीटर नुसता फोम सोडतात. तरीही बहुतेक ठिकाणी भोसकण्याला बंदी असते. भोसकण्यासाठी मुद्दाम बनवलेल्या भाल्यांची तपासणी वेगळी होते. फेकायच्या सुऱ्या आणि कुऱ्हाडी यांत कांबी अजिबात नसते. बाणाच्या टोकाला फोमचा मोठा गोळा असतो, आणि तो डोळ्याच्या खोबणीपेक्षा मोठा असावा हा त्याचा पहिला निकष. धनुष्याची ताणशक्तीही मर्यादित ठेवतात, जवळच्या माणसावर पूर्ण ताणून बाण सोडत नाहीत आणि पायाखाली आलेला बाण पुन्हा तपासल्याशिवाय वापरत नाहीत.

चांगल्या आयोजनात खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक शस्त्र पंचांच्या हाताखालून जाते. पंच टोक अंगठा आणि बोटे यांच्यामध्ये दाबून आत कांबी लागते का ते पाहतो. मग पाते हलकेच वाकवतो आणि करकर ऐकू येते का याकडे कान देतो, कारण तडकलेली कांबी दिसण्याआधी वाजते. पात्याच्या दोन्ही कडांवरून तळवा फिरवून कुठे फोम बसला आहे का, थर सुटले आहेत का, हे चाचपतो. मूठ, आडवी दांडी आणि मुठीमागचा गोळा यांच्याकडे नवखे दुर्लक्ष करतात, पण जवळच्या झटापटीत तेच भाग तोंडावर आपटतात. शेवटी तो स्वतःच्या दंडावर एक फटका मारून घेतो. आदल्या वर्षी पास झालेले शस्त्र यंदाही पास होईल असे नसते: उन्हाने लॅटेक्सला भेगा पडतात, तेलाने ते चिकट होऊन कुजते, थंडीत फोम कडक होतो आणि टोकावर उभे करून ठेवलेल्या तलवारीचा फोम वजनानेच दबून जातो.

तपासणीचा हा आग्रह उगाच नाही. रोममध्ये १९८२ च्या जागतिक तलवारबाजी स्पर्धेत ऑलिंपिक विजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह याच्या प्रतिस्पर्ध्याचे पाते मोडले आणि त्याचे तुटके टोक मुखवट्याची जाळी भेदून आत शिरले. काही दिवसांनी स्मिर्नोव्ह याचा मृत्यू झाला. त्यानंतर मुखवटे, पोशाख आणि पाती यांचे निकष कडक करण्यात आले. तो खेळ मुरलेल्या खेळाडूंचा होता, नियम पाळले जात होते. घात केला तो मोडलेल्या साधनाने.

अंगात मुरलेल्या सवयी

युद्धकला शिकलेल्या माणसाचे शरीर विचाराआधी हलते. वर्षानुवर्षांच्या सरावाचे ते फळ आहे, आणि लार्पमधला धोकाही त्यातच आहे. केंडो खेळणाऱ्याचा पहिला वार डोक्यावर जातो, कारण त्याच्या खेळात तेच मुख्य लक्ष्य आहे; लार्पमध्ये डोके बहुधा वर्ज्य असते. तलवारबाजीतल्या फॉइल किंवा एपे या प्रकारांत खेळणारा पुढे झेपावून टोक खुपसतो; इथे खुपसणेच बहुधा बंद. कराटेवाला कंबरेतून जोर काढतो, ज्यूदो किंवा कुस्तीतला माणूस समोरच्याची पकड मिळताच त्याला आडवा करायला जातो. दगडधोंड्यांच्या उतारावर, अंधारात, जड वेशातल्या आणि पडायचे कसे हे न शिकलेल्या माणसावर असा डाव टाकणे म्हणजे हाड मोडण्याला निमंत्रण.

कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळात दांडपट्ट्याने माणसाच्या अंगावर ठेवलेले लिंबू कापून दाखवतात. त्यातला हाताचा ताबा विलक्षण असतो. पण तिथे समोरचा माणूस स्तब्ध असतो आणि पट्टेकऱ्यावर विसंबून असतो. लार्पमध्ये समोरचा ऐन वेळी वाकतो, घसरतो, वाराच्या आत शिरतो. म्हणून नुसता नेम पुरत नाही. सोडलेला वार अर्ध्या वाटेत मागे घेता आला पाहिजे.

युद्धकलेतून लार्पमध्ये आणण्याजोगे आहे ते नेमके हेच. कराटेच्या काही परंपरांत ठोसा अंगाला लागण्याआधी थांबवण्याचा कसून सराव करतात. तो इथे थेट उपयोगी पडतो. अंतर ओळखणे, तोल न ढळू देता पाय टाकणे, समोरच्याच्या खांद्यांवर नजर ठेवणे, श्वास न गमावणे, पडताना हनुवटी छातीकडे घेणे, हे सगळे आणावे. महाराष्ट्रातल्या फरीगदग्यात कातड्याने मढवलेली काठी आणि लहान ढाल घेऊन तलवारीचे हात शिकतात. त्यातली ढाल आणि पावले यांची सांगडही इथे कामाला येते. बाहेर ठेवायचे ते तीन: पूर्ण जोर, सांधे पिरगळणारे डाव आणि रिकाम्या हातापायांचे तडाखे.

लार्पमधला चांगला वार खांदा आणि कोपर यांतून, मोठ्या आणि दिसणाऱ्या वळणाने निघतो, लागण्याआधी मंदावतो आणि शस्त्र अंगाला टेकताच मागे येतो. मनगटाने पटापट टपल्या मारत राहणे अनेक ठिकाणी नियमबाह्य असते. त्यात जोर आवरायला वेळ मिळत नाही आणि समोरच्याला फटके मोजताही येत नाहीत. भाला किंवा परशू यांसारख्या लांब शस्त्राचे टोक तलवारीपेक्षा वेगाने फिरते, म्हणून ते दोन्ही हातांत धरावे आणि नवख्याच्या हाती देऊ नये. कथेत कुस्ती, गळा दाबणे किंवा फरफटत नेणे आलेच, तर ते दोघांनी आधी ठरवून, अभिनयाने करायचे असते. रंगभूमीवरच्या लढतींप्रमाणे त्यात हालचालीचा ताबा मार खाणाऱ्याकडे राहतो.

नियम आणि हाका

डोके, गळा आणि जांघ वगळून वार करायचे, हा बहुतेक संघांचा पाया आहे. लागलेला फटका मारणाऱ्याने ओरडून सांगायचा नसतो. ज्याला लागला त्याने तो प्रामाणिकपणे मानायचा असतो. हा भरवसा सुरक्षिततेचाही आधार आहे, कारण आपला फटका मानला जात नाही असे वाटले की माणूस पुढचा अधिक जोराने मारतो.

खेळ थांबवणारी हाक लहान, मोठ्याने देता येणारी आणि कथेत कधीही न येणारी असावी लागते. लढाईच्या प्रसंगात ‘वाचवा’, ‘वैद्याला बोलवा’ असे पात्रेच ओरडत असतात, म्हणून खऱ्या दुखापतीसाठी वेगळा शब्द राखून ठेवतात. तो ऐकताच सगळ्यांनी आहे तिथे थांबायचे, शस्त्रे खाली करायची आणि हाक पुढे पोहोचवायची. नॉर्डिक देशांतल्या लार्पमध्ये दोन हाका रूढ आहेत: ‘कुट’ म्हणजे प्रसंग तिथेच तोडायचा आणि ‘ब्रेम्स’ म्हणजे तीव्रता कमी करायची. दुसऱ्या हाकेमुळे खेळ न मोडताही माणसाला आपली मर्यादा सांगता येते.

याशिवाय काही गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात. मद्य घेतलेल्याने लढू नये. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असलेल्यांची नोंद असावी. चष्मेवाल्यांनी न फुटणारी भिंगे वापरावीत. तंबूंच्या दोऱ्या, विहिरी, उतार आणि शेकोट्या यांच्याजवळ लढाईला बंदी असावी. ज्यांना लढायचे नाही त्यांना ओळखता येईल अशी खूण असावी. खरा सुरा स्वयंपाकाच्या तंबूबाहेर येता कामा नये.

सरावाचा क्रम

शिकवताना सुरुवात शस्त्राविना, नुसत्या अंतराच्या आणि पावलांच्या सरावाने करतात. मग ठरलेले वार सावकाश, मग अर्ध्या वेगाने, मग दोघांची मोकळी लढत आणि सर्वांत शेवटी गटाची लढाई. गटात मागची माणसे पुढच्यांना रेटतात, बाजूने येणारे शस्त्र दिसत नाही आणि दमलेल्या हातावरचा ताबा सुटतो. म्हणून एकेकट्याने उत्तम लढणाऱ्यालाही गटाचा सराव वेगळा करावा लागतो. फटका फार जोराचा होता की नाही, हे ज्याला लागला त्याने सांगायचे असते. मारणाऱ्याच्या अंदाजाला तिथे किंमत नसते. युद्धकलेत मुरलेल्यांना हे विशेष आवर्जून सांगावे लागते, कारण त्यांना हलका वाटणारा फटका इतरांना हलका लागेलच असे नाही.

दुखापत झालीच तर प्रथमोपचारानंतर तिची नोंद करतात: कोणते शस्त्र, कोणता वार, कुठली जागा, दिवसाची कोणती वेळ. मोडलेले शस्त्र त्याच दिवशी बाद होते. एकाच प्रकारची दुखापत पुन्हा दिसली की शस्त्र, संरक्षण, जोर आणि लक्ष्य या चारांपैकी काय ढळले ते शोधून नियम बदलतात. ज्याला ताकीद देऊनही हात आवरत नाही त्याला, तो कितीही निष्णात असला तरी, लढाईतून बाहेर ठेवतात. कथेत त्याच्यासाठी न लढणारी भूमिका नेहमीच शिल्लक असते.