जपानी लावीची अंडी घरी उबविताना

जपानी लावीचे अंडे अवघे 10 ते 12 ग्रॅम वजनाचे. कोंबडीच्या अंड्यापेक्षा ते लवकर तापते आणि लवकर निवते. म्हणून उष्णता व आर्द्रता सांभाळण्यात आपली थोडी हयगय झाली, तरी पिल्ले कवचातच मरतात.

पंखा असलेल्या उबवणी यंत्रात पहिले 14 दिवस तापमान 37.5 अंश सेल्सिअस व आर्द्रता 55 ते 60 टक्के ठेवावी. तापमापक अंड्यांच्या पातळीवरच टांगावा. अंडी रोज तीन-चार वेळा फिरवावीत. पंधराव्या दिवसापासून फिरविणे थांबवून आर्द्रता 65 ते 70 टक्के करावी. साधारण 17 ते 18 दिवसांत पिल्ले बाहेर येतात.

आर्द्रता पाण्याच्या खोलीवर नव्हे, तर पसरटपणावर अवलंबून असते. उन्हाळ्यात ती कमी पडल्यास खोल भांड्याऐवजी रुंद ताट ठेवावे. पावसाळ्यात हवा मुळातच दमट असते. तेव्हा लहान वाटीही पुरते. सुरुवातीपासून आर्द्रता जास्त राहिल्यास अंड्यातील पाणी पुरेसे उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते व पिल्लू गुदमरते. आर्द्रता वाढविण्यासाठी झरोके मात्र कधीही बंद करू नयेत.

शेवटचे तीन दिवस झाकण उघडण्याचा मोह आवरावा. ओलावा निसटला की कवचाखालचा पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो. मग त्याला अंड्यात फिरून कवच फोडता येत नाही. यासाठी ताटात बाहेरून नळीने कोमट पाणी घालण्याची सोय आपण आधीच करून ठेवावी. पिल्ले सुकल्यावरच त्यांना उबदार जागी हलवावे.