लॅपटॉप शारजाहून की बर्डीतून?

"अम्मी, मामू विचारतात, लॅपटॉप तिकडूनच आणू का?"

२०२३ च्या जुलैअखेरची ही गोष्ट. मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश व्हायचा होता आणि घरात लॅपटॉपची चर्चा सुरू होती. माझा धाकटा भाऊ शारजाहला नोकरी करतो. ऑगस्टमध्ये तो सुटीवर येणार होता. शारजाहून नागपूरला थेट विमान येतं आणि सोनेगावचं विमानतळ आमच्या मनीषनगरपासून जवळ. त्यामुळे आखातातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगा आधी आमच्याच बैठकीत उघडतात. खजूर, अत्तर, चॉकलेट, ब्लँकेट आणि कुणासाठी तरी मोबाइल किंवा लॅपटॉप. हे दृश्य तुमच्यापैकी अनेकांच्या घरचंही असेल.

भावाने सांगितलेली किंमत रुपयांत ५५,००० च्या आसपास होत होती. जवळपास तसाच लॅपटॉप बर्डीच्या दुकानात ६२,००० ला होता. फरक सात हजारांचा. मुलीची फी, पुस्तकं, बसचा पास हे सगळं समोर असताना सात हजार म्हणजे लहान रक्कम नव्हे. मुलगी तर तयारच होती. मी मात्र लगेच हो म्हटलं नाही, कारण हा सौदा आम्ही एकदा करून पाहिला होता.

दहा महिन्यांतच बंद

जानेवारी २०२० मध्ये भावाने माझ्यासाठी एक लॅपटॉप आणला होता. स्वस्त आणि सुंदर. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत टाइप कराव्या लागतात, म्हणून तो हवा होता. पहिली गंमत तेव्हाच कळली. कीबोर्डवर इंग्रजीसोबत अरबी अक्षरं छापलेली होती. अरबीत पे, चे आणि गाफ नसतात. टे, डाल आणि ड़े तर नाहीतच. उर्दू टाइप करायचं तर बटणावरच्या छापील अक्षराकडे न बघता बोटांनाच सवय लावावी लागली. चार्जरची तीन चौकोनी पायांची पिनही आपल्या सॉकेटमध्ये बसेना. साठ रुपयांच्या अॅडॉप्टरने ते काम भागलं.

मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि तो लॅपटॉपच माझा वर्ग झाला. दहावीची मुलं रोज सकाळी त्याच्यावरच भेटत. नोव्हेंबरमध्ये एका सकाळी तो सुरूच झाला नाही. मदरबोर्ड गेला होता. मी निश्चिंत होते, कारण खोक्यात एका वर्षाच्या वॉरंटीचं कार्ड होतं. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने मशीनचा नंबर संगणकात टाकला आणि नम्रपणे सांगितलं, "मॅडम, ही वॉरंटी फक्त आखाती देशांसाठी आहे. इथे दुरुस्ती पैसे भरून करावी लागेल." खर्च सांगितला १९,००० रुपये. मशीन परत शारजाहला पाठवावं, तर त्या दिवसांत येणं-जाणं जवळपास थांबलेलं.

तीन आठवडे मी फोनवरून वर्ग घेतले. घरात स्मार्टफोन दोन. एक मिस्टर कामावर नेत. उरलेल्या एकावर सकाळी माझा वर्ग, दुपारी मुलीचा. तिचे काही तास बुडाले. शेवटी बर्डीतल्या एका छोट्या गाळ्यातल्या कारागिराने बोर्डवरची चिप बदलून ४,५०० रुपयांत मशीन सुरू करून दिलं. पैसे घेताना तो म्हणाला, "पुन्हा बिघडलं तर घेऊन या. मी इथेच आहे."

"मी इथेच आहे" या तीन शब्दांची किंमत मला त्या दिवशी समजली.

तिकडे स्वस्त का?

तिकडचा दुकानदार दयाळू आणि इकडचा लुटारू, असं काही नसतं. मोठा फरक कराचा असतो. आपल्याकडे लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०१८ पासून व्हॅट लागू झाला, तो ५ टक्के. करापूर्वीची किंमत दोन्हीकडे ५०,००० धरली, तर इथे ती ५९,००० होते आणि तिथे ५२,५००. साडेसहा हजारांचा फरक इथेच निघाला. अमेरिकेतल्या किमती पाहताना उलट चूक होते. तिथे दुकानात लिहिलेल्या किमतीत सहसा विक्रीकर धरलेला नसतो; आपल्या एमआरपीत सगळे कर आलेले असतात.

अनेकांना वाटतं, की परदेशी संगणकावर सरकार जबर कस्टम ड्युटी घेतं म्हणून तो इथे महाग. लॅपटॉपबाबत तसं नाही. माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंसाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९९७ साली सामील झाला आणि पुढे संगणकांवरची मूळ कस्टम ड्युटी शून्यावर आली. कंपनी लॅपटॉप आयात करते तेव्हा मुख्य बोजा १८ टक्के जीएसटीचाच असतो.

३ ऑगस्टची घबराट

आमचा विचार चालू असतानाच ३ ऑगस्ट २०२३ ला बातमी आली, की लॅपटॉप, टॅबलेट आणि सर्व्हरच्या आयातीवर सरकारने निर्बंध घातले. आता परवाना लागणार. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच गोंधळ उडाला. "आता विमानतळावर लॅपटॉप जप्त होणार," असेही निरोप फिरले. भावाचा काळजीने फोन आला.

प्रत्यक्षात ती अधिसूचना व्यापारी आयातीसाठी होती. प्रवाशाच्या सामानाला ती लागू नव्हती. पोस्टाने किंवा कुरिअरने येणाऱ्या एका लॅपटॉपलाही परवान्यातून सूट होती. लागेल तो कर मात्र भरायचा होता. दुसऱ्याच दिवशी अंमलबजावणी १ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलली गेली आणि ऑक्टोबरमध्ये परवान्याऐवजी ऑनलाइन मंजुरीची पद्धत आली. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारने संगणक देशात बनवणाऱ्यांसाठी १७,००० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली होती. सरकारची दिशा त्यातून कळत होती.

प्रवाशांसाठी तेव्हा लागू असलेले २०१६ चे बॅगेज नियम असे होते: १८ वर्षांवरील प्रवाशाला स्वतःसोबत एक लॅपटॉप विनाशुल्क आणता येतो. आखातासारख्या देशांतून येणाऱ्याला त्याशिवाय ५०,००० रुपयांपर्यंतचं सामान माफ. त्यावर ३८.५ टक्के शुल्क. दुसरा लॅपटॉप, ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर हे सगळं त्या माफीच्या रकमेत मोजलं जातं. नवरा-बायकोची माफी एकत्र करून एका महागड्या वस्तूला लावता येत नाही. हे आकडे सरकार बदलत असतं, म्हणून प्रवासाआधी कस्टम्सच्या वेबसाइटवर ताजे नियम पाहून घ्यावेत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भाऊ निघण्याच्या तयारीत असताना त्याच्या ओळखीच्या एकाने दोन सीलबंद लॅपटॉप नागपूरच्या एका दुकानात पोचवायची गळ घातली. "खोकी फेकून दे, वापरलेले आहेत म्हणून सांग, हजार-दोन हजार तुलाही मिळतील." भावाने नकार दिला. अमानत म्हणून कुणाची वस्तू पोचवणं वेगळं आणि कुणाच्या धंद्यासाठी कस्टम अधिकाऱ्यापुढे खोटं बोलणं वेगळं. पकडला जातो तो वाहून आणणारा. दुकानदार नामानिराळा राहतो. आपली मुलं कष्टाने परदेशी नोकरी मिळवतात. हजार रुपयांसाठी त्यांच्या पासपोर्टवर बालंट येऊ देऊ नये.

खोक्यावरची पट्टी

एका रविवारी मुलीला घेऊन उज्ज्वलनगरहून मेट्रोने बर्डीला गेले. दुकानदाराने लॅपटॉपचं खोकं पुढे ठेवलं. मुलीने त्याच्यावर चिकटवलेली पट्टी वाचली आणि म्हणाली, "अम्मी, हा पण चीनमध्येच बनलाय. मग इथून घेण्यात देशी काय?"

प्रश्न बिनतोड होता. बर्डीतला लॅपटॉपही बहुधा परदेशातूनच येतो. इथे जोडलेला असला तरी आतल्या चिप बाहेरच्या असतात. पण मी तिला त्या पट्टीची पुढची ओळ वाचायला लावली. त्यात आयात करणाऱ्या कंपनीचं नाव, भारतातला पत्ता, आयातीचा महिना, एमआरपी आणि तक्रारीसाठी फोन नंबर होता. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या आयात वस्तूच्या वेष्टनावर हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांकही लॅपटॉपवर असावा लागतो. शारजाहून आणलेल्या खोक्यावर भारतातला असा कुणाचाच पत्ता नसतो.

म्हणजे आयात दोन्हीकडे आहेच. फक्त एकात आयातदार कंपनी असते आणि दुसऱ्यात आपण स्वतः. आपण आणलं की जोखीम आपली, दुरुस्ती आपली, भांडणही आपलंच. ते सात हजार हा त्या जबाबदारीचा दर आहे.

कायदाही इथल्याच खरेदीच्या मागे नीट उभा राहतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी फी लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. शारजाहच्या दुकानदाराला नागपूरच्या आयोगापुढे आणणं मात्र कठीण.

देशानेही हाच प्रश्न सोडवला होता

घरी परतताना मुलीला मी डॉ. विजय भटकरांबद्दल सांगितलं. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे भटकर आपल्याच नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले. तेच कॉलेज आज व्हीएनआयटी म्हणून ओळखलं जातं. १९८० च्या दशकात भारताला अमेरिकेकडून क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. हवामानाच्या अंदाजासाठी एक मशीन मिळालं, तेही अटी घालून. त्याहून ताकदीच्या मशीनला नकार मिळाला. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला.

त्यातल्या ट्रान्सप्युटर चिपही ब्रिटनमधून आलेल्या होत्या. सुटे भाग बाहेरचे, पण जोडणी, आराखडा आणि सॉफ्टवेअर इथलं. बिघडलं तर दुरुस्त करणारे हात इथलेच. लांबून घेतलेली वस्तू विकणाऱ्याच्या अटींसह येते, हे देशाला जसं कळलं तसं आमच्या घरालाही २०२० मध्ये कळलं होतं. मुलीला मी एवढंच म्हटलं, "वस्तू कुठली आहे याबरोबर ती उघडता कुणाला येते हेही बघ. तू आता तेच शिकायला चाललीस."

मग परदेशातून आणूच नये का?

असं नाही. इथे मिळतच नाही अशी वस्तू, जागतिक वॉरंटी असलेला लॅपटॉप किंवा किमतीतला फरक फार मोठा असेल, तर जरूर आणावा. फक्त पैसे देण्याआधी पुढच्या गोष्टी पाहाव्यात:

१. दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलची वॉरंटी भारतात चालते का, ते आधी पाहा. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

२. तिकडचं मूळ बिल जपून ठेवा. ते कस्टम्सलाही लागतं आणि सर्व्हिस सेंटरलाही.

३. कीबोर्ड कोणत्या भाषेचा आहे ते विचारा. लॅपटॉपच्या चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर चिंता नाही. अमेरिकेतून डेस्कटॉपचे भाग आणत असाल तर पॉवर सप्लाय २३० व्होल्टवर चालतो का, ते तपासा.

४. कुरिअरने मागवताना कर आणि कुरिअरचा खर्च धरून एकूण किंमत काढा.

५. बर्डीत घेतलं तरी पक्कं बिल घ्या. बिलावर जीएसटी क्रमांक आणि मशीनचा नंबर हवा. "बिल नको असेल तर दोन हजार कमी" या शब्दांना भुलू नका. बिनबिलाचा लॅपटॉप आणि शारजाहचा लॅपटॉप यांत मग काहीच फरक राहत नाही.

६. जुने, दुरुस्त केलेले लॅपटॉप निम्म्या किमतीत मिळतात आणि गरजू मुलांसाठी ते चांगलेही असतात. पण बॅटरी किती टिकते ते दुकानातच पाहा आणि दुकानाची वॉरंटी बिलावर लिहून घ्या.

आम्ही लॅपटॉप बर्डीतूनच घेतला. पहिल्या वर्षाच्या परीक्षेच्या तोंडावर त्याच्या कीबोर्डची चार बटणं बंद पडली. फोन केला, तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस मनीषनगरला घरी आला, बैठकीतल्या टेबलावरच कीबोर्ड बदलून गेला. पैसे लागले नाहीत.

भाऊ ऑगस्टमध्ये आला तेव्हा जरा हिरमुसला होता. भाचीसाठी आपण काही आणलं नाही असं त्याला वाटत होतं. मी त्याला म्हटलं, "तू खुशाल आलास, तेवढं पुरे." मग त्याने हट्टाने भाचीच्या वसतिगृहाचं पहिल्या महिन्याचं भाडं भरलं. मामूची भेट म्हणून तिला तीच जास्त आवडली.