‘पायऱ्या’ मोजणारा प्रोग्रॅम

सकाळी ६.४५
आज गुरुवार. दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार, म्हणून चहाच्या आधी लॅपटॉप. क्लँगमध्ये रात्रीतून झालेले बदल उतरवून घेतले आणि बिल्ड लावला. कुणीतरी त्रुटिसंदेशांच्या व्याख्यांची फाइल बदललेली दिसते. ती बदलली की जवळजवळ सगळंच पुन्हा बांधावं लागतं.

क्लँग हा एलएलव्हीएम या मुक्तस्रोत कंपायलर-प्रकल्पातला सी आणि सी++चा फ्रंट-एंड. मजकुराचे शब्द तोडायचे, वाक्यरचना तपासायची, अर्थ लावायचा आणि काही चुकलं तर माणसाला नीट सांगायचं, हे त्याचं काम. त्यातल्या ‘नीट सांगायचं’ या भागात मला रस आहे.

८.१०
दूध आणायला उतरलो तर जिन्यातच खालच्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलानं गाठलं.

“दादा, तुमच्या कंपायलरला मराठी येत नाही.”

“येतं की. दाखव.”

एका वेळी एक किंवा दोन पायऱ्या चढायच्या, तर जिना किती प्रकारे चढता येईल, हा नेहमीचा प्रश्न त्यानं सोडवला होता आणि हौसेनं सगळी नावं मराठीत दिली होती. ‘प्रकार’ चाललं, ‘मोजणी’ चाललं, ‘पायर्‍या’वर मात्र अडलं. “दोन वेळा तपासलं, ऱ्हस्व-दीर्घसुद्धा बरोबर आहे,” असं तो म्हणाला. फाइल मागून घेतली. दूध राहिलं.

९.००
फाइलचे बाइट उलगडून पाहिले. र, हलन्त, मग ई२-८०-८डी आणि मग या. मधले तीन बाइट म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, युनिकोड क्रमांक २००डी. त्याला रुंदी नाही, पण ते काढलं की ‘पायर्‍या’चा रफार होऊन ‘पायर्या’ उरतं.

हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो. एक वाट इस्कीची: नुक्त्याचा ऱ, हलन्त, मग य. इस्की म्हणजे भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली, १९९१ साली आयएस १३१९४ या नावानं राष्ट्रीय मानक झालेली. ती संगणकांत पोचवणारं जिस्ट तंत्रज्ञानाचं काम आपल्या पुण्यात, सी-डॅकमध्ये चाललं. दुसरी वाट युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी जुळवून घेण्यासाठी ठेवलेली: साधा र, हलन्त आणि मागे तो जॉइनर. पडद्यावर दोन्ही ‘पायऱ्या’ सारख्याच दिसतात. कंपायलरसाठी ती दोन वेगळी नावं आहेत, आणि त्यांतलं एक मुळात नावच नाही.

१०.३०
वीज गेली. बॅटरीवर नियम वाचत बसलो.

सी++११ मध्ये नावात हा जॉइनर चालत होता. २०२१ साली मानक समितीनं पी१९४९ हा प्रस्ताव स्वीकारला आणि नावात कोणती अक्षरं चालतील हे युनिकोडच्या परिशिष्ट ३१ वर सोपवलं. २०२२ च्या क्लँग १४ पासून ते अमलात आहे. मात्रा चालतात, हलन्त चालतो, जॉइनर नाही. पायथनचंही तेच. जावास्क्रिप्टमध्ये मात्र जॉइनर मुद्दाम चालू ठेवला आहे.

मला विचाराल तर क्लँगची बाजू बरोबर आहे. न दिसणाऱ्या अक्षरांनी दिसायला सारखी, पण वेगळी नावं करता येतात, आणि कोड तपासणाऱ्याला फसवायला तेवढं पुरतं. शिवाय मराठीला दुसरी वाट उपलब्ध आहे. मराठीसाठी नियम सैल करा, असं मी कुणाला म्हणणार नाही. अस्मितेचा प्रश्न करायला भरपूर जागा आहे, पण इथे तो नाही.

१२.१५
वीज आली. लेक्सरच्या, म्हणजे शब्द तोडणाऱ्या भागाच्या, चाचण्या चाळल्या. या अक्षराची चाचणी आधीपासून आहे. फक्त तिथे ते रोमन ‘एक्स’ला चिकटवलेलं आहे. क्लँग दोन गोष्टी सांगतो: हे अक्षर नावात चालत नाही, ही त्रुटी, आणि हे अक्षर काही ठिकाणी अदृश्य असतं, हा इशारा. दोन्ही खरं. मुलाला दोन्हींचा उपयोग झाला नाही, कारण त्याच्या दृष्टीनं अदृश्य काही नव्हतंच. त्याला अर्धा र दिसत होता.

लेक्सर इथे एक शहाणपणा करतो. तक्रार नोंदवली की ते अक्षर वैध असल्यासारखा पुढे जातो, म्हणजे एका जॉइनरपायी पुढची सगळी वाक्यं लाल होत नाहीत. संपादकाच्या मागे चालणारा क्लँगडी हाच लेक्सर वापरतो, म्हणून संपादकात रेघ उमटते. क्लँग-फॉरमॅटही तोच वापरतो, पण कच्च्या रूपात, तक्रारी बंद ठेवून. तो हीच फाइल मुकाट्यानं नीटनेटकी करून देतो. मुलगा त्यामुळेच अधिक गोंधळला होता.

दुपारी २.००
दोन ओळींची चाचणी लिहिली. एका ओळीत ऱचं नाव, काही तक्रार येता कामा नये. दुसरीत जॉइनरचं, तिथे त्रुटी आणि इशारा दोन्ही अपेक्षित. मग सगळ्या चाचण्या लावल्या आणि जेवलो.

त्या संपेपर्यंत खेडकर, सन्याल आणि करकरे यांचं डेटा फ्लो विश्लेषणावरचं २००९ चं पुस्तक चाळलं. मुंबईच्या आयआयटीतली कंपायलरची परंपरा, ढमढेऱ्यांपासूनची, मुख्यतः कोड सुधारण्याच्या या मधल्या टप्प्यावर उभी आहे. फ्रंट-एंड हा सुटलेला प्रश्न, असं वर्गात गृहीत धरतात. (‘ढमढेरे’चं सामान्यरूप टाइप करतानाही तोच अर्धा र लागतो.)

४.००
आता दस्तऐवज. क्लँगच्या इशाऱ्यांची यादी व्याख्यांच्या फाइलींतून आपोआप तयार होते, त्यामुळे ती शिळी होत नाही. पण कारण कुठून आपोआप येणार? ते वापरकर्त्यांच्या पुस्तिकेत कुणीतरी हातानं लिहावं लागतं.

पहिला मसुदा आमच्या पेठेतल्या पाटीसारखा झाला: काय करू नये ते ठणकावून, आणि मग काय करावं याबद्दल मौन. खोडला. दुसऱ्यात इस्कीचा इतिहास शिरला, तोही काढला. टोकियोत बसून नेवारीत नाव देणाऱ्यालाही कळायला हवं, म्हणून शेवटी एवढंच ठेवलं: अक्षर कोणतं, ते मजकुरात का येतं, नावात का चालत नाही, त्याऐवजी कोणता क्रम लिहावा, आणि ऱ कळफलकावर कसा टाइप करावा. उदाहरणं चाचणीतलीच घेतली. उद्या वागणूक बदलली तर चाचणी मोडेल आणि मोडणाऱ्याला हा परिच्छेद शोधावा लागेल. संध्याकाळपर्यंत चार वाक्यं. कोडची एकही ओळ बदलली नाही.

७.३०
तपासणीसाठी पाठवलेल्या बदलावर युरोपातल्या एका तपासनिसाचा प्रश्न आला: हे सगळ्या देवनागरी भाषांना लागू आहे का? अर्ध्या रचा मुद्दा मराठी-नेवारीसारख्या भाषांचा, पण जॉइनर हिंदीतही जोडाक्षर मोकळं दाखवायला वापरतात, असं कळवलं. त्यावरून ‘मराठी’ऐवजी ‘देवनागरी’ असं शीर्षक सुचवलं गेलं. मान्य.

रात्री ९.५०
कॅलिफोर्नियात सकाळ. तिथून सूचना: चाचणी आणि दस्तऐवज वेगवेगळे पाठवा, आणि ऱ कळफलकावर कसा टाइप करायचा ते वाक्य काढा. इनस्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट-जेवर आहे, फोनेटिक कळफलकांत जिथे असेल तिथे. त्यांची जंत्री कंपायलरच्या पुस्तिकेत कोण सांभाळणार? वाक्य काढलं. ते मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि चाचणीचा भाग वेगळा करायला घेतला.