लेकीची पहिली इंटर्नशिप



आमच्या अंजनवेलच्या बचत गटांच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "मुलीला कॉलेजातून इंटर्नशिप करायला सांगितलीय. ती नोकरी असते का? पैसे मिळतात की भरावे लागतात?" आज याचाच उलगडा करू.

इंटर्नशिप म्हणजे नोकरी नव्हे. ठरलेले दिवस प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन काम शिकायचं, एवढाच तिचा अर्थ. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या अभ्यासक्रमात तिला श्रेयांक आहेत. किती तास भरायचे, हे आधी कॉलेजकडून लेखी घ्या. १२० तास सांगितले, तर रोज चार तासांप्रमाणे तीस दिवस होतात. म्हणजे ती सुट्टीत उरकता येते.

पहिला प्रश्न असा विचारा : शिक्षण चालू आहे की संपलं? कारण वाटा वेगळ्या आहेत. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. त्यात बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. पण ती १८ ते ३५ वयाच्या आणि शिक्षण चालू नसलेल्यांसाठी. शिकणाऱ्या मुलीने तिथे अर्ज करून वेळ घालवू नये. शिक्षण संपलेल्या मुलीने महास्वयम् संकेतस्थळावर नोंदणी करावी आणि सध्या जागा आहेत का, हे रत्नागिरीच्या जिल्हा कौशल्य विकास केंद्रात विचारावं. आधार आणि त्याला जोडलेलं बँक खातं तयार ठेवावं.

आयटीआय झालेल्यांसाठी १९६१ च्या कायद्याची शिकाऊ उमेदवारी आहे. तिला आपण अप्रेंटिस म्हणतो. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला असे उमेदवार घ्यावेच लागतात. त्यात करार होतो आणि विद्यावेतन मिळतं. पुढे नोकरी मिळेलच, असं मात्र नाही.

आता जागा शोधायची कुठे? आपल्याकडे वीज प्रकल्प आणि एलएनजी टर्मिनल आहे, म्हणून सगळ्यांचे डोळे तिकडेच लागतात. तिथे जरूर विचारा, पण तेवढ्यावर थांबू नका. वाणिज्य शिकणारीला गुहागरची पतसंस्था किंवा हिशेबनिसाचं कार्यालय चालेल. कला शाखेच्या मुलीला ग्रामपंचायत, वाचनालय, शाळा चालेल. विज्ञानवालीला आंबा-काजू प्रक्रिया केंद्र किंवा तपासणी प्रयोगशाळा. आपल्या गटाचे व्यवहार जिथे चालतात, तिथे आपली ओळख असतेच. ती वापरायला लाजू नका.

जाताना तीन कागद न्यावेत : कॉलेजचं पत्र, एका पानाचा बायोडाटा आणि साधा अर्ज. अर्जात "मला काहीही काम द्या" असं लिहू नये. "मला हिशेब लिहिता येतो, संगणकावर मराठी टाइप करता येतं, मे महिन्यात रोज चार तास येऊ शकते," असं नेमकं लिहावं. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर पुन्हा जाऊन विचारावं. एकाच ठिकाणी वाट बघण्यापेक्षा पाच ठिकाणी अर्ज द्यावा.

कोणी नोंदणी शुल्क, अनामत किंवा "जागा पक्की करण्याचे" पैसे मागितले, तर तिथून सरळ परत यावं. मूळ प्रमाणपत्रं कोणाकडे ठेवायला देऊ नयेत, फक्त झेरॉक्स द्यावी. शेवटची एसटी किती वाजता, धोपाव्याची फेरीबोट पकडायची असेल तर किती वेळ लागेल, हे काम ठरण्याआधी बघावं. प्रवासाला मिळणाऱ्या विद्यावेतनापेक्षा जास्त खर्च होत असेल, तर जवळची जागा शोधणं शहाणपणाचं.

आणि एक गोष्ट प्रत्येक मुलीला माहीत हवी. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा शिकाऊ मुलींनाही लागू आहे, पगार नसला तरी. दहा किंवा जास्त माणसांच्या कार्यालयात तक्रार समिती हवी. लहान ठिकाणी असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते. "इंटर्नशिप बंद होईल" म्हणून गप्प बसू नकोस, हे घरातून आधीच सांगून ठेवा.

काम संपलं की तारखा, तास आणि शिकलेलं काम लिहिलेलं, शिक्क्याचं प्रमाणपत्र मागून घ्यावं. पुढच्या नोकरीच्या अर्जाला तेच उपयोगी पडतं.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने दोन याद्या कराव्यात. एक, आपल्या मुलींची आणि त्यांच्या शिक्षणाची. दुसरी, आपल्या ओळखीच्या कार्यालयांची. दोन्ही शेजारी ठेवल्या, की निम्मं काम तिथेच होईल.